बिघाड कुठे नाही, ते आधी शोधा

प्रश्न: गेल्या महिन्यात घरातली तीन यंत्रं एकापाठोपाठ रुसली. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन कपडे धुतं, पण शेवटी पाणी आतच राहतं आणि पडद्यावर कसलासा अक्षर-आकडा दिसतो. आम्ही काही दिवस बाहेरगावी होतो, घरातला मेन स्विच बंद करून गेलो होतो. परत आल्यावर कॉम्प्युटर लावला तर कुठलीही वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते. मुलगा म्हणतो व्हायरस आहे, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. शिवाय वायफाय दिवसातून एक-दोनदा, बहुधा जेवणाच्या वेळी, दोन-तीन मिनिटं जातं आणि आपोआप येतं. मागे एकदा मेकॅनिकला बोलावलं, त्याने मागची एक वायर घट्ट बसवली आणि पाच मिनिटांत गेला. फार कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. माझं वय 58, शाळेनंतर विज्ञानाशी संबंध नाही, यातलं मला ओ की ठो कळत नाही. हे स्वतः करायला शिकता येईल का? आणि कशाला हात लावू नये? घरात काही बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी फोनकडे.
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी एका वाक्यापाशी थांबलो: ‘मेन स्विच बंद करून गेलो होतो.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण कॉम्प्युटरच्या दुखण्याचं निम्मं निदान तिथेच आहे. वायफाय ‘जेवणाच्या वेळी’ जातं, हेही तसंच. त्यामुळे ‘ओ की ठो कळत नाही’ हे मी मानायला तयार नाही. काय झालं, केव्हा झालं, त्याच्या आधी काय केलं होतं, हे नीट सांगता येणं ही दुरुस्तीतली अवघड बाजू. स्क्रू पिळणं त्यामानाने सोपं.

कॉम्प्युटरपासून सुरुवात करतो, कारण तिथे घाईघाईने नुकसान व्हायची भीती जास्त. मुलाला सांगा, अजून काहीही पुसू नकोस. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते, ती बघा. वेळ नव्हे, तारीख. आणि तारखेतही साल. तिथे कुठलंतरी जुनं साल दिसलं तर व्हायरसचा विषय बहुतेक तिथेच संपला.

होतं असं की प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं नोंदलेलं असतं. वेबसाइट उघडताना ब्राउझर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण वेबसाइट बघतो तो, ते प्रमाणपत्र तपासतो आणि तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळाला विचारतो. घड्याळ दहा वर्षं मागे गेलेलं असेल तर आजची सगळी प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेली नसतात. मग तो एकजात सगळ्या वेबसाइटना नापास करतो. सगळ्याच वेबसाइट एकदम बिघडल्या, तर बिघाड बहुधा बघणाऱ्यात असतो.

पण घड्याळ मागे गेलं कसं? डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो. त्याच्यावर सीआर 2032 असं लिहिलेलं असतं: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, 3 व्होल्ट. कॉम्प्युटरला वीज मिळत नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. गंमत अशी की कॉम्प्युटर बंद केला तरी प्लगचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते, त्यामुळे सेल संपलेला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मेन स्विच बंद झाला की पितळ उघडं पडतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालं असणार.

तरीही लगेच सेल आणायला धावू नका, आधी खात्री करा. तारीख-वेळ हाताने बरोबर लावा आणि वेबसाइट उघडून बघा. उघडल्या ना? मग रात्री कॉम्प्युटर नेहमीसारखा बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा. सकाळी लावल्यावर, इंटरनेट जोडायच्या आधी, तारीख बघा. आधी अशासाठी, की इंटरनेट मिळालं की कॉम्प्युटर कधीकधी स्वतःच वेळ दुरुस्त करून घेतो आणि आपला पुरावा नाहीसा होतो. फरक फार मोठा असेल तर मात्र बऱ्याचदा त्यालाही ती जुळवता येत नाही. तारीख पुन्हा मागे गेली असेल तर सेल संपला, यात शंका नको.

सेल बदलणं तुम्हाला जमेल. प्लग काढा. मग कॉम्प्युटर सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडल्यावर आधी मोबाइलने एक फोटो काढून ठेवा. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते. सेल वर्तुळाकार खोबणीत बसलेला असतो. बाजूची छोटी पट्टी नखाने किंचित बाहेर ढकलली की तो टुणकन वर येतो. नवा बसवताना लिखाणाची, अधिक चिन्हाची बाजू आधी होती तशीच ठेवायची. सुरू करताना पडद्यावर सेटिंग पुन्हा लावण्याबद्दल एखादी सूचना आली तर घाबरू नका, तारीख-वेळ एकदा भरली की झालं. जुना सेल मात्र कुठेतरी टेबलावर ठेवून देऊ नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजण्याइतका तो घातक असतो. घरात नातवंडं येत-जात असतील तर हे दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचं. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरला जोडलेला आणि खोलवर असतो, तिथे तुम्ही शिरू नका.

आणि तारीख बरोबर असूनही तीच सूचना आली तर? तीच वेबसाइट मोबाइलवर उघडून बघा. तिथेही तसंच आणि एकाच वेबसाइटवर असेल, तर दोष त्या वेबसाइटचा. बँकेच्या वेबसाइटवर अशी सूचना आली तर ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबू नका.

आता मशीनकडे वळू. आधी तो अक्षर-आकडा कागदावर लिहून घ्या. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी, त्यामुळे त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेतच बघायचा. पुस्तिका हरवली असेल तर दाराच्या आतल्या कडेवरच्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की बहुधा पुस्तिका मिळते. पण पाणी आत राहतंय म्हटल्यावर संशयित ठरलेले आहेत: निचऱ्याची नळी, गाळणी आणि पंप.

पहिलं काम कानांचं. पाणी काढून टाकायचा प्रोग्रॅम लावा आणि मशीनच्या खालच्या भागाशी कान न्या. घूं-घूं आवाज येतोय पण पाणी जात नाही, म्हणजे पंप जिवंत आहे आणि वाट कुठेतरी अडलीये. हे तुमचं काम. काहीच आवाज नाही, म्हणजे पंप अडकून बसलाय किंवा त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही. तरीही गाळणी एकदा उघडून बघाच, कारण पंपाचा पंखा नाण्याने अडकूनही गप्प होतो. पाणी पूर्ण गेलंय पण कपडे निथळतायत, तर ही तक्रार मुळातच वेगळी. तेव्हा बहुतेक एखादं जड पांघरूण एकटंच आत असतं, तोल साधत नाही म्हणून मशीन जोरात फिरायलाच नकार देतं. दोन-चार कपडे सोबत टाकले की काम होतं. 

गाळणी काढायची ती अशी. मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी थंड होऊ द्या. गाळणी फिरवताना ते हातावरच येतं. समोर खाली, उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. त्याच्याआड गोल, पकडून फिरवायची टोपी दिसते. काही मशीनमध्ये शेजारी बोटाएवढी रबरी नळीही असते. ती बाहेर ओढून, बूच काढून पाणी परातीत सोडता येतं. परात पसरट हवी, कारण खाली जागा चार बोटंच असते. आणि परात किती वेळा रिकामी करावी लागेल याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो, म्हणून शेजारी जुने टॉवेल अंथरून ठेवा. नळी नसेल तर टोपी डावीकडे थोडीशीच फिरवा, पाण्याची धार आली की थांबा, परात भरत आली की पुन्हा घट्ट करा. असं थोडं थोडं करत सगळं पाणी काढा.

मग टोपी पूर्ण बाहेर ओढा. तिच्या जाळीत काय काय सापडतं ते बघण्यासारखं असतं: नाणी, केसांच्या पिना, शर्टची बटणं, खिशात राहिलेल्या कागदाचा लगदा आणि या सगळ्याला धरून ठेवणारा धाग्या-केसांचा करडा, बुळबुळीत गोळा. जाळी नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. तेवढ्यावर थांबू नका. मोबाइलचा दिवा लावून मोकळ्या झालेल्या भोकात बघा. आत खोलवर छोट्या पात्यांचा पंखा दिसेल. प्लग काढलाय याची पुन्हा एकदा खात्री करून बोटाने तो फिरवून बघा. हलका अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला तर ठीक आहे. आतल्या चुंबकामुळे तो असाच फिरतो. अजिबात हलत नसेल तर पात्याशी काहीतरी अडकलंय, बऱ्याचदा केस किंवा ब्राची तार. चिमट्याने निघालं तर काढा, नाही निघालं तर बळजबरी नको.

टोपी परत लावताना आटे तिरके बसू देऊ नका आणि शेवटपर्यंत घट्ट करा. इथे आळस झाला तर पुढच्या धुण्याला फरशीवर तळं साचतं. म्हणून पहिल्यांदा कपड्यांशिवाय थोडं पाणी घेऊन, समोर बसून चाचणी घ्या. हे सगळं करूनही पाणी अडत असेल तर मागची निचऱ्याची नळी बघा. मशीन भिंतीकडे सरकवताना ती दुमडली जाते, किंवा तिचं दुसरं टोक ज्या पाइपात सोडलंय तोच तुंबलेला असतो.

वायफायच्या बाबतीत तुम्ही वेळ सांगितलीत म्हणून मी मायक्रोवेव्हवर बोट ठेवतो. मायक्रोवेव्ह साधारण 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो आणि वायफायचा एक पट्टा 2.4 गिगाहर्ट्झचा आहे. मायक्रोवेव्हचं दार बंद असलं तरी सूक्ष्म गळती होत असते. माणसाला त्याने काही होऊ नये अशी मर्यादा मानकांनी घालून दिलेली असते, पण वायफायचा सिग्नल मुळातच इतका क्षीण असतो की तेवढ्या गोंगाटातही तो दबतो. मोबाइलवर व्हिडिओ लावा, मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवा. रिकामा चालवू नका. व्हिडिओ अडखळला आणि घंटा वाजल्यावर सुरळीत झाला, तर चोर सापडला. उपायही सोपा: राउटर, म्हणजे घरात वायफाय पुरवणारा तो डबा, स्वयंपाकघरापासून लांब हलवा, किंवा फोन आणि कॉम्प्युटर 5 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जोडा. बहुतेक नवे राउटर दोन्ही पट्टे देतात. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर हार मानतं. लांबच्या खोलीत 2.4च बरं पडेल.

मायक्रोवेव्ह निर्दोष ठरला तर पुढचा प्रश्न विचारा: वायफाय गेलं की इंटरनेट गेलं? आपण दोन्हीला एकच नाव देतो आणि तिथे गफलत होते. फोनवर वायफायचं चिन्ह दिसतंय पण काही उघडत नाही, तर फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता बहुधा ठीक आहे, राउटरच्या पलीकडचा तुटलाय. तो सेवा देणाऱ्या कंपनीने बघायचा. एकाच फोनला त्रास होतोय आणि बाकीचे मजेत आहेत, तर राउटरला दोष देऊ नका, त्या फोनमधून ते नेटवर्क ‘विसरायला’ सांगून पासवर्ड पुन्हा टाका. आणि सगळ्यांचंच एकदम जातं तेव्हा राउटरवरच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. तक्रार केंद्रातल्या माणसाला ‘दिवे लागलेत’ यापेक्षा ‘तिसरा दिवा लाल झालाय’ हे ऐकायला आवडतं.

तुमच्या लक्षात आलं असेल, तिन्ही ठिकाणी आपण एकच केलं: बिघाड कुठे नाही, ते ठरवत गेलो. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की मनात लगेच ‘काय बिघडलं असेल’ अशी चक्रं सुरू होतात आणि ती कुठेही भरकटतात. त्याऐवजी निम्मं-निम्मं करत जायचं. दिवा लागत नाही? त्याच बोर्डात दुसरं काहीतरी लावून बघा. ते चाललं, तर वायरिंग आणि बोर्ड दोन्ही सुटले. चार्जिंग होत नाही? केबल बदला, मग चार्जर बदला, मग दुसरा फोन लावा, पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा. टीव्हीचा रिमोट मेला की टीव्ही, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचं बटण दाबून कळतं. रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात बऱ्याचदा जांभळट चमकताना दिसतो. मागचा कॅमेरा कधीकधी तो प्रकाश गाळून टाकतो, म्हणून पुढच्याने बघा.

मेकॅनिकने वायर घट्ट बसवली त्याबद्दल ओशाळं वाटून घेऊ नका. सैल जोडणी हा घरगुती बिघाडांतला सगळ्यात सामान्य प्रकार आहे आणि ती सैल आहे हे दिसत नाही, कारण वायर जागच्या जागी असते. म्हणून नुसतं ‘लावलेलं आहे’ असं डोळ्यांनी ठरवू नका. प्रत्येक टोक काढून पुन्हा बसवा.

आता ते प्रसिद्ध ‘बंद करून चालू करा’. मुलं हे थट्टेने सांगतात, पण उपाय खरा आहे. तासन्‌तास चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये छोट्या चुका साठत जातात. सगळं बंद केलं की पाटी कोरी होते. फक्त एक मेख आहे. विंडोजच्या गेल्या काही आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केलं की कॉम्प्युटर पूर्ण बंद होतोच असं नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून तो स्वतःच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तिथूनच उठतो, कालची दुखणी सोबत घेऊन. त्यामुळे तक्रार असेल तेव्हा ‘रीस्टार्ट’ निवडा. त्यात सगळं खरोखर नव्याने उघडतं. राउटर मात्र प्लग काढून, अर्धा-एक मिनिट थांबून मगच लावा.

कॉम्प्युटर हळू चालतो ही तक्रार तुम्ही केली नाहीत, पण लवकरच कराल, म्हणून दोन शब्द. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशाचा रकाना सतत शंभराच्या आसपास आहे तेवढं बघा. डिस्क असेल आणि आत जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र वेगाचा विचार सोडा. जे फोटो, कागदपत्रं हवीत ती आधी बाहेर काढा. ‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर वेगवान’ असं सांगणारे फुकट प्रोग्रॅम अजिबात घेऊ नका.

आणि एक दिवस पडद्यावर भोंगा वाजवत मोठी सूचना येईल: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा. करू नका. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या सूचनांमध्ये कधीही फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस अत्यंत गोड बोलतो, तुमच्याकडून एक अ‍ॅप टाकून घेतो आणि पडद्याचा ताबा घेतो. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर कॉम्प्युटरच रीस्टार्ट करा. त्या सूचनेत बहुधा एवढाच दम असतो.

कशाला हात लावू नये, असं तुम्ही विचारलंत. इथे मी कडक आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनचं बाहेरचं आवरण कधीही उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही नाही. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, हजारो व्होल्टच्या मंडलात असतो आणि वीज काढल्यावरही त्यात जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. कॉम्प्युटरच्या आतला पॉवर सप्लायचा बंद डबाही याच कारणाने बंदच ठेवायचा. बाकीचा कॉम्प्युटर उघडा, तो डबा नको. फुगलेली बॅटरी, मग ती फोनची असो की लॅपटॉपची, दाबायची नाही, टोचायची नाही, ‘अजून चालतेय ना’ म्हणून चार्जिंगला लावायची नाही. यंत्राच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते यंत्र त्या क्षणापासून बंद. गॅसवर चालणारं काहीही जाणकारानेच उघडायचं.

एमसीबी, म्हणजे बोर्डावरचं खाली पडणारं बटण, पुन्हा पुन्हा पडत असेल तर ते टेप लावून वर धरून ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्या नादी लागू नका. त्या खोलीतले सगळे प्लग काढा, बटण वर करा. तरीही पडलं तर दोष वायरिंगमध्ये, इलेक्ट्रिशियनला बोलवा. नाही पडलं तर एकेक यंत्र लावत जा. ज्याच्या वेळी पडेल ते यंत्र बाजूला ठेवा. कधीकधी एकेकटं सगळं चालतं आणि दोन मोठी यंत्रं एकत्र लावली की पडतं. तेव्हा यंत्रं चांगली असतात, फक्त एका वायरवर भार जास्त झालेला असतो.

वॉरंटी बाकी असेल तर सीलबंद झाकण उघडू नका. गाळणी साफ करायला कुणी हरकत घेत नाही, स्क्रूवरचं स्टिकर फाडलं तर घेऊ शकतात.

एवढं करून मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर ‘मशीन बिघडलंय’ एवढंच सांगू नका. मॉडेल क्रमांक, पडद्यावरचा अक्षर-आकडा, आवाज येतो की नाही आणि तुम्ही काय काय करून पाहिलं, हे फोनवरच सांगा. ‘गाळणी साफ केली, पंखा हाताने फिरतो, पण पंपाचा आवाज अजिबात येत नाही’ असं ऐकलं की तो पंप सोबत घेऊनच येईल आणि तुमची एक फेरी वाचेल. समोर उभं राहून बघा, काय करताय ते विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात. आणि भाग बदलला असेल तर काढलेला जुना भाग मागून घ्या, खरंच बदलला का ते तेव्हाच कळतं.